डोक्याचा मान

३ सप्टेंबर
जिल्ह्याच्या साहेबांचं पत्र आलं, म्युझियमचा संचालक म्हणून माझ्या नावे. एक ऑक्टोबरच्या आत म्युझियमचं विश्वस्त मंडळ नेमा, पुढचा खर्च कुठून येणार ते दाखवा. नाहीतर टाळं. वस्तू राजधानीत, बिश्केकच्या गोदामात, इमारतीत लग्नाचा हॉल.
बुरुलकान-एजे रडली. ही आमची तिकीटवाली, झाडूवाली आणि अख्ख्या गावाची एजे, म्हणजे थोरली बहीण. लोकरीच्या लाल गालिच्यापाशी उभी राहून रडत होती. तो तिच्या आजीचा की कुणाचा तरी. दरवेळी सांगते, मला कधी पूर्ण ऐकायला वेळ झालेला नाही. म्हटलं, "एजे, मी आहे ना!" तर आणखीच रडली.

४ सप्टेंबर, सकाळ
भव्य योजना सुरू. 'म्युझियम २०५०'. चौसष्ट पानं होतील. आज शीर्षक झालं. फॉन्ट उत्तम.

९ सप्टेंबर
मंडळाची यादी. अध्यक्ष: मी, कादिरकुल. सचिव: मी. खजिनदाराची जागा रिकामी ठेवली. पारदर्शकता.
एजे म्हणे, ज्यांनी घरातल्या वस्तू दिल्या त्यांनाच मंडळात घ्या. मी म्हटलं, "एजे, याला गव्हर्नन्स म्हणतात. हे लोकर पिंजण्याइतकं सोपं नाही." ती लोकर पिंजत बसली.

१४ सप्टेंबर
निधी! तीन दूतावासांना ई-मेल केले. एकाचं उत्तर पाच सेकंदांत: 'आपला संदेश मिळाला.' म्हणजे तत्त्वतः होकारच. बाकी दोघं विचार करताहेत.

१९ सप्टेंबर
एजे दारोदार हिंडते आहे, असं कळलं. चहा पिते, लोकर मागते. म्युझियमची अब्रू! समज दिली. "बरं," म्हणाली आणि शेजारच्या घरात शिरली.

२४ सप्टेंबर
अठ्ठावीसला गावसभा. मेंढा कापणार (एजेचा). मेंढ्याचं डोकं सर्वांत मानाच्या माणसापुढे ठेवतात, तेव्हा कोणापुढे येणार हे उघड आहे. आरशासमोर सराव केला. आधी नको म्हणायचं, मग पुन्हा नको, मग नाइलाजाने घ्यायचं. बायको म्हणाली, "घेताना पोट आत ओढा."

२८ सप्टेंबर, सकाळ
पांढरी टोपी वाफेवर धरून ताठ केली. स्लाइड्स चौसष्ट. अजून पंचावन्न कोऱ्या आहेत, पण बोलण्याच्या ओघात भरतील.

२८ सप्टेंबर, संध्याकाळ
चौथ्या स्लाइडला वीज गेली. टाळ्या पडल्या. योजना मनापासून आवडली असावी.
मग मांस आलं. डोकं गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या असानालींपुढे ठेवलं. वयाचा मान, ठीक आहे. त्यांनी ताट उचललं. मी म्हटलं, "छे छे, नको." ताट माझ्यासमोरून पुढे गेलं आणि एजेपुढे थांबलं.
कुणीतरी कुजबुजलं, "बाईला?"
असानाली म्हणाले, "जिनं डोकं चालवलं, तिचं डोकं."
एजेने चाकू घेतला, कान कापला आणि माझ्या तळहातावर ठेवला. कान पोरांना देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे.
"खा कादिरकुल," म्हणाली, "आणि आता ऐक."
सगळे हसले. बायको सर्वांत जास्त.
मग एजेने एक कागद वाचला. एकच! चौदा घरं दरवर्षी लोकर देणार, बायका गालिचे करून उन्हाळ्यात पाहुण्यांना विकणार, त्यावर म्युझियम चालणार. मंडळ सात जणांचं. सही करायला आजोबा-आज्यांची रांग लागली. फॉन्ट नव्हताच, शाईपेनने लिहिलेलं.
कान चिवट होता.

३० सप्टेंबर
जिल्ह्याची मंजुरी आली. म्युझियम वाचलं. किल्ल्या एजेकडे. मंडळाने मला काढलं नाही, तिकिटं आणि झाडू दिला. प्रत्यक्ष कामाचा अनुभव असलेला माणूस हवा असणार.
झाडता झाडता लाल गालिच्यापाशी आलो. खाली पाटी: 'कारागीर अज्ञात.' अक्षर माझं, अकरा वर्षांपूर्वीचं. एजे रोज ती पाटी पुसते.
लाज वाटली. खरंच वाटली.
"एजे, आजीचं नाव काय म्हणालीस?"
तिने सांगितलं. मग आजीची सगळी गोष्ट सांगितली. दीड तास लागला. मी मध्ये एकदाही बोललो नाही.
नवी पाटी लावली: 'कारागीर: सायकाल.'