सत्काराची शाल आणि आबांची मोटारसायकल

विश्रांतवाडी, पुणे
४ नोव्हेंबर २०२४

चि. संभाजीस,
अनेक उ. आ.

तुझ्या सोसायटीने आबांची मोटारसायकल पार्किंगमधून हलवायला सांगितली आणि तुला लगेच मोठी बहीण आठवली, हे ऐकून भरून आलं. वीस वर्षं कव्हरखाली झाकून ठेवलीस, मला हात लावू दिला नाहीस. आता म्हणतोस, ताई, तुझ्याकडे जागा आहे. आहे. पाठव.

पत्र कशाला, असं विचारशील. व्हॉट्सॲपवर लिहिलेलं तू नंतर पुसतोस, म्हणून.

तिला ब्रेक नाहीत, तेव्हा चालवत आणू नकोस. तुझ्या सार्थकच्या मित्राकडे ट्रेलर आहे, त्यावर नीट बांधून आण. ऐंशी साली खराडीच्या मळ्यात ती तू पाडलीस. आबा तुला फोडून काढतील म्हणून मी माझं नाव सांगितलं. आबांनी माझी किल्ली काढून घेतली. गावात गाडी चालवणारी मी एकटी मुलगी, त्या दिवसापासून पायी. आबा गेले, पण त्यांना खरं कळलं नाही. आणि तू चव्वेचाळीस वर्षांत ‘मी पाडली’ एवढे दोन शब्द उच्चारले नाहीस. निदान गाडी तरी धड दे.

लोभ आहेच. वाढवायचा की कसं, ते गाडी बघून कळवीन.

तुझी ताई,
मैना

बिबवेवाडी
८ नोव्हेंबर

ती. मैनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

जुनं उकरण्याची तुझी हौस पाहून गंमत वाटली. मुद्द्यावर येतो. मी बत्तीस वर्षं कारखान्यात सुरक्षा अधिकारी होतो. निवृत्त होताना शाल-श्रीफळ उगाच देत नाहीत. तेव्हा बांधाबांध मला शिकवू नये.

पुढचं चाक ट्रेलरच्या चौकटीत घट्ट बसवणार. हँडलला दोन्हीकडून पट्टे, मागून दोन, आणि पुढचे शॉकअप निम्मे दबेपर्यंत ताण. गाडी चाकांवर उभी, स्टँडवर नाही. पेट्रोलचा कॉक बंद. पाच किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा तपासायचे, हे शंभरातले नव्याण्णव विसरतात. त्या नव्याण्णवांत मी नाही.

रविवारी, सतराला, अकरा वाजता पोचतो. थालीपीठ कर. लोभ गाडीसकट असावा.

तुझा,
संभाजी

बिबवेवाडी
१८ नोव्हेंबर

ती. मैनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

कालच्या प्रकाराबद्दल लिहितो. गाडी ट्रेलरमध्ये डाव्या अंगावर पडली, टाकीला पोचा आला, आरसा फुटला, याचं मलाही दुःख आहे. पण तुमच्या गल्लीतला गतिरोधक नियमात बसत नाही. ट्रेलरचे पट्टेही हलके होते. त्यात तू कोपऱ्यावर उभी राहून हात हलवत होतीस, म्हणून सार्थकने ब्रेक दाबला. घरच्या ग्रुपवर सगळे विचारत होते, तेव्हा हेच सांगितलं.

किल्ली आणायची विसरलो. सापडली की पाठवीन. थालीपीठ छान होतं. लोभ असाच राहावा.

संभाजी

विश्रांतवाडी
२२ नोव्हेंबर

चि. संभाजीस,
उ. आ.

गतिरोधकाला बोलता येत नाही, ट्रेलरलाही नाही. सार्थकला येतं.

पट्ट्याने हँडलची चकाकी जाईल म्हणून तू सत्काराची शाल पट्ट्याखाली घातलीस. शाल रेशमी. येरवड्याच्या पुलावर पट्टा तिच्यावरून सरकला आणि गाडी आडवी झाली. मी तेव्हा घरात कांदा चिरत होते. पाच किलोमीटरवर तुम्ही थांबला होतात म्हणे, पण चहाला. पट्टे तपासू का, असं सार्थकने विचारलं, तर सुरक्षा अधिकाऱ्याला सुरक्षा शिकवू नये, असं तू त्याला ऐकवलंस. चहा मात्र दोनदा घेतलास.

शाल धुऊन, इस्त्री करून सोबत पाठवते आहे. ग्रीसचा डाग गेला नाही. सुरक्षेवर पुढचं व्याख्यान देशील, तेव्हा हीच पांघर.

मला वाईट वाटलं, संभाजी. टाकीचं नाही. पहिल्या वेळी माझं नाव मी स्वतःहून दिलं होतं, कारण तू चौदा वर्षांचा होतास. या वेळी ते तू घेतलंस, अठ्ठावन्नाव्या वर्षी.

लोभाचं तूर्त काही लिहीत नाही.

मैना

बिबवेवाडी
२७ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गाडी मी पाडली. दोन्ही वेळा. ग्रुपवरही हेच लिहिलं आहे. पुसलेलं नाही, सार्थकला विचार.

शाल तुझ्याकडेच परत पाठवतो आहे. गाडी पुसायला वापर.

शालीच्या घडीत किल्ली आहे. रविवारी ती माझ्या खिशातच होती. तू चालवशील, अशी भीती वाटली होती. ब्रेक करून घे आणि चालव.

लोभ मागायला तोंड नाही. तरी मागतो.

तुझा,
संभा