मानेवरचं पांढरं

१४ जून, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. मोरीचा नळ परत गळतोय, आणि बाबांनी परत "मी करतो" म्हणून अर्धं घर भिजवलं. तू म्हणशील, दोन वर्षांनी पत्र लिहितेय आणि नळाचं काय सांगतेय! थांब, सांगते. फोन तू उचलत नाहीस, आणि इथे माझा जीव थाऱ्यावर नाही. किती कागद फाडले देव जाणे.

जुनी राई तोडायचं ठरलंय. तिथे लहान रानकबुतराची जोडी सापडली, तरच झाडांना हात लावणार नाहीत. ते ढोलीतच अंडी घालतं, आणि ढोल्या म्हाताऱ्या झाडांनाच. मोठं रानकबूतर काय, चार काटक्या टाकून कुठेही संसार थाटतं. त्याच्यासाठी राई कोण राखणार?

बाबांचा नियम तुला माहीतच आहे: दोघांनी हो म्हटल्याशिवाय पक्षी मोजायचा नाही. तू गेल्यापासून ती दुसरी मी.

गुरुवारी राईत त्यांनी माझा दंडच धरला. "मान बघ, मान! पांढरं नाही. लहानच!" अगं, चेहरा असा फुलला होता की विचारू नकोस. मोठ्याच्या मानेवर पांढरा डाग असतो, लहानाच्या नसतो, खरंय. पण ते उडालं आणि पंखांवर पांढरा पट्टा लख्ख दिसला. मोठ्याचंच पिल्लू गं! पिल्लांच्या मानेवर पांढरं उशिरा येतं, हे मला बाबांनीच शिकवलंय. घुमलं असतं तर त्यांनी डोळे मिटून ओळखलं असतं, पण ते मेलं गप्प!

मी म्हटलं, "बघू."

"बघू काय? डोळे आहेत ना तुला?"

डोळ्यांचा विषय मी काढणार होय! तू काढलास आणि त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. मी घाबरले, ताई.

काल पक्ष्याची खात्री करायला वनखात्याचे साहेब आले. मी मनाशी पक्कं केलं होतं, हो म्हणून मोकळं व्हायचं. राई वाचेल, बाबा खूश, कुणाच्या बापाचं काय जातं? बाबा म्हणाले, "सांग, काय दिसलं?" आणि माझ्या तोंडून निघालंच, "पंखावर पट्टा होता."

बाबा साहेबांकडे वळले. मग म्हणाले, "मला नाही दिसला. हिला दिसला असेल तर ते मोठ्याचं पिल्लू." आणि साहेबांना दोन्ही कबुतरांतला फरक समजावत बसले, अगदी शांतपणे, शाळेत शिकवावं तसं. साहेब चहा न घेताच उठले.

मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. आज सकाळी म्हणाले, "तुझ्या ताईचं खरं होतं. माझे डोळे गेलेत. कळव तिला."

पुढच्या आठवड्यात करवती सुरू होतील. आवाज आपल्या खिडकीपर्यंत येणार. कान अजून तिखट आहेत गं त्यांचे. कुठलं झाड पडलं, ते बसल्या जागी सांगतील. मी एकटी कशी बसू त्यांच्याजवळ?

पत्र मिळताच निघ. आणि आल्यावर मला खरं सांग, मी हो म्हणायला हवं होतं का?

तुझीच,
चिमी