हिच्या मनगटावरचा पट्टा

३ मार्च
हिला समुपदेशक बाईंनी मनगटावर बांधायचा पट्टा दिलाय. हिला पॅनिक अटॅक येतात. छाती धडधडायला लागली की पट्ट्याला आधीच कळतं, तो थरथरतो आणि त्या तालावर ही श्वास घेते. चांगलं आहे. तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. फक्त चौदा वर्षं हे खातं माझ्याकडे होतं, एवढंच.

५ मार्च
बँकेच्या रांगेत हिला अटॅक आला नि गेलासुद्धा. मला संध्याकाळी कळलं. फोन का नाही केलास, विचारलं. गरजच पडली नाही, असं म्हणाली. पट्ट्याकडे बघून, हसत! माझा नुसता जळफळाट झाला. जेवण गेलं नाही. (नंतर थोडं गेलं.)

८ मार्च, रविवार
मत्सर वगैरे काही नाही. पण आंघोळीलाही पट्टा? वॉटरप्रूफ आहे म्हणे. मग मी काय विरघळतो?
ठराव: दर रविवारी मी फुल ड्यूटीवर. शेवटी माणूस तो माणूस. आज दर दहा मिनिटांनी 'बरं वाटतंय ना?' विचारलं. अकराव्या वेळी उत्तर आलं नाही. शांत झाली असावी.

१५ मार्च, रविवार
आज हिचं मनगट धरून श्वास मी मोजले. पट्टा मधेच थरथरायला लागला. मी आवाज चढवला. ही म्हणाली, अहो, जरा हळू मोजा, मला धाप लागतेय. ऑफिसच्या फायर ड्रिलमध्ये माझ्या एका आवाजावर चार मजले रिकामे होतात. हिला कदर नाही.

१७ मार्च
हिच्या फोनवर पट्ट्याचा ग्राफ पाहिला. चोरून नाही, फोन टेबलावर उघडाच होता. बँकेतलं एक टेकाड सोडलं तर सोमवार ते शनिवार सपाट. दोन्ही रविवारी डोंगर! ठोके थेट एकशे वीस! मी घरी असलो की! लग्नाला चौदा वर्षं होऊनही! दिवसभर शीळ घालत काम केलं. पट्ट्याची कीव आली.

२० मार्च
दोघं बाईंकडे गेलो. ग्राफचा विषय मीच काढला, जमेल तितक्या नम्रपणे. बाईंनी हिला विचारलं, रविवारी असं काय होतं? ही खाली बघत म्हणाली, रविवारी हे घरी असतात.
येताना म्हणाली, तुम्ही मुद्दाम नाही हो करत. तुम्ही घाबरता, मग मीही घाबरते.
वाईट वाटलं. फार.
बाईंनी सुचवलंय, रविवारी चार ते सहा मी बाहेर राहायचं. प्रयोग म्हणून. फसणार. तासाभरात ही मला शोधत येईल.

२२ मार्च, रविवार. बागेतला बाक.
४.१० फोनचा आवाज मोठा केला.
५.०० काही नाही.
५.३० पट्टा बिघडला असणार.
५.५५ हिचा मेसेज! उठलोच.
'ग्राफ एकदम सपाट. किती दिवसांनी शांत झोप लागली. अजून एक तास थांबाल का?'
५.५८ थांबतो म्हणून कळवलं. बसलो.