तोरणाबाहेरची झडती

पुणे,
१९ जानेवारी २०२५

तीर्थरूप उत्तममामांस,
डिंपलचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं. सोन्या-मोत्या दोघेही बैल ठणठणीत आहेत आणि मामीचे गुडघे तेवढे कुरकुरतात, हे वाचून तुमच्या घरात कोणाची काळजी आधी लिहितात ते पुन्हा एकदा कळलं.

बातमी मोठी आहे. आमच्या ‘कोडगे’ बँडला मुंबईच्या एका कंपनीने घेतलंय. धाड गावचा अकील ड्रम वाजवतो, मी गाते आणि गिटार बडवते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आजवर आम्ही तळघरात शंभरेक पोरांसमोर वाजवायचो. आता पहिल्यांदा नीट स्टुडिओत अख्खा अल्बम होतोय. तुम्ही मागे विचारलं होतं की पंक म्हणजे नेमकं काय. सूर मोजके, वेग पुष्कळ, आणि ज्याचा राग येतो त्याचं नाव घेऊन ओरडायचं. गळा गोड नसला तरी चालतो, म्हणून तर माझं भागतं.

अल्बमचं नावच ‘झडत्या’ ठेवतोय. आणि एक परवानगी हवी आहे. गेल्या पोळ्याला तोरणाखाली बैल उभे असताना तुम्ही तळ्याचं पाणी आपल्या मोसंबीला ओढणाऱ्या भगवानरावांवर जी झडती म्हटली, ती मी मोबाइलवर घेतली होती. मागे अकीलच्या वडिलांचा ताशाही आहे. ती तशीच्या तशी गाण्याच्या सुरुवातीला लावायची आहे, तुमच्या आवाजात. झडती म्हणजे पोळ्याला नाव घेऊन म्हणायचं टोमण्याचं गाणं, हे कंपनीच्या वकिलांना समजावलं, तर ते म्हणतात की नावावर बीप टाका. मी सांगितलं, बीप टाकली की झडती उरतच नाही. पण आवाज तुमचा आणि गावही तुमचं. तुम्ही नको म्हणालात तर नको.

मामीला नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या, गाणं आवडलं नाही तरी.

आपली भाची,
डिंपल


पांगरी तळे, पो. साखरखेर्डा,
२८ जानेवारी २०२५

चि. डिंपल हिस,
उत्तमरावाचे अनेक आशीर्वाद.

लोक म्हणतात, आता पत्रं कशाला, फोन करावा. मी जन्मभर सायकलवरून दुसऱ्यांची पत्रं वाटली. म्हातारपणी थोडी मलाही येऊ देत. माझ्या जागी आलेला पोस्टमन तुझं पाकीट वाजतगाजत आणून देतो, त्यामुळे अर्ध्या गावाला तुझी खुशाली कळते.

तू पंकचं जे वर्णन केलंस ते मी तुझ्या मामीला, जनकाबाईला, वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे तर आपले हे दरसाल करतात आणि वर पुरणपोळीही खातात. तिचं म्हणणं खोटं नाही.

आवाज खुशाल लाव. मला उलट मजा वाटली. ओळी विसरली नसशीलच, तरी चूक नको म्हणून लिहून पाठवतो:

आभाळाचं पाणी तळ्यात आलं,
तळ्याचं पाणी कुठं गेलं?
तहानलं ढोर, कोरडी घागर,
भगवानरावाच्या मोसंबीनं पेलं!

भगवानरावाची काळजी करू नकोस. झडतीचा राग धरायचा नसतो, ही आपल्याकडची रीत तुला मी नव्याने सांगायला नको. तोरणाखाली ज्याचं नाव निघालं, त्याने हसायचं आणि म्हणणाऱ्याला नारळ द्यायचा. माझ्या झडतीत त्याच्या बापाचंही नाव आलं होतं, त्यानेही नारळ दिला होता. गेल्या साली भगवानरावाने दिलेला नारळ तूच फोडून खाल्लास. मग आता कसली परवानगी?

आई नाही म्हणून जेवणाची आबाळ करू नकोस. मामीने शेंगदाण्याची चटणी अकीलच्या वडिलांसोबत पाठवली आहे.

आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

तुझा मामा,
उत्तमराव


पुणे,
१४ मे २०२५

ति. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पाडव्याला अल्बम निघाला, हे फोनवर सांगितलंच. पुढचं फोनवर सांगता येईना, म्हणून लिहायला बसले. ‘मोसंबी’ हे गाणं आमच्या हातातून सुटलंय. जालन्याच्या लग्नात डीजेवर वाजतं, ट्रॅक्टरवर वाजतं, लोक त्यावर नाचतानाचे व्हिडिओ टाकतात. रोज सकाळी ऐकणाऱ्यांचा आकडा बघायचं मी सोडून दिलंय. कंपनीचे लोक पेढे वाटतात.

आमची जुनी पोरं मात्र तोंड फिरवून गेली. ज्या तळघरात आम्ही सुरू केलं तिथे परवा वाजवायला गेलो, तर पुढच्या रांगेने पाठ करून उभं राहून आमचं ऐकलं. त्यांच्या मते कोडगे विकले गेले. अकीलला फार लागलं. मला राग आला, पण खरं सांगू का, त्याहून वेगळ्याच गोष्टीची भीती वाटली.

दिल्लीत कार्यक्रम झाला. तिथे मराठी कोणालाच येत नव्हतं. तुमचा आवाज लागला आणि अख्खं मैदान भगवानराव, भगवानराव म्हणून ओरडायला लागलं, मुठी वर करून. त्यांच्या लेखी तो साखरखेर्ड्याच्या बाजारात भाव करणारा, पाय ओढत चालणारा माणूस नाहीच, कुठला तरी राक्षस आहे. मी पुढची ओळ विसरले. मामा, तिथे तोरण नव्हतं. हे मला जानेवारीत सुचलं नाही, आणि तुम्हालाही नाही.

भगवानरावांनी ऐकलं का? काय म्हणाले? खरं लिहा.

तुमच्या मायेची वाट बघणारी,
डिंपल


पांगरी तळे,
२ जून २०२५

चि. डिंपल हिस अनेक आशीर्वाद.

तू फार विचार करतेस, हा तुझ्या आईचा गुण. इकडे सगळं उत्तम आहे. भगवानरावाने गाणं ऐकलं असेल नसेल, मला काही बोलला नाही. भेट कमी होते, कारण तो मोठा माणूस आणि मी रिकामा.

विहिरीवरची मोटार जळाली, जुनीच होती. सोन्याची शेपटी तारेच्या कुंपणात अडकून तुटली, जनावराला काय कळतं. औषध लावलंय, जखम भरून येईल. घरासमोरच्या पारावर हल्ली मोटारसायकलवाली चार पोरं येऊन बसतात, तेवढीच म्हाताऱ्या माणसांना सोबत. मी त्यांना चहा विचारतो.

उन्हाळा कडक आहे, इतक्यात येऊ नकोस. दिल्लीच्या लोकांना माझा नमस्कार कळव. माझा आवाज एवढा लांब गेला म्हणून मी जनकाबाईला आता भाव देत नाही.

सुखी रहा, एवढंच मागणं.

तुझा मामा,
उत्तमराव


पांगरी तळे,
९ जुलै

डिंपल बाईले जनकामामीचा आशीर्वाद.

ह्यायले न सांगता लिहून राह्यली. मले चौथीपर्यंतचंच लिहिता येते, चुकलं तर समजून घेजो.

तुया मामानं तुले जे लिहिलं ते सारं खोटं हाये. सोन्याची शेपटी तारेत नाही अडकली. सकाळी गोठ्यात गेली तं दावणीत रगत, अन् शेपटीचा तुकडा उंबऱ्यावर ठेवलेला, नीट, जसं पान वाढते तसा. मी वरडली नाही. वरडली असती तं ह्यायचा हात कुऱ्हाडीकडे गेला असता. मोटार जळाली नाही, जाळली. पारावरचे पोट्टे भगवानरावाचे हाये. ते चहा पेत नाही, काही बोलत बी नाही. निस्ते दाराकडे पाहत बसते. अकीलच्या बापाच्या ताशापार्टीले ह्या भागात कोनी सुपारी देऊन नाही राह्यलं.

भगवानरावानं गावात सांगतलं म्हने, झडती वर्सातून एक डाव अन् तोरनाखाली. उत्तमरावानं मले बारा महिने अन् साऱ्या मुलखात नागवं केलं. त्याच्या लेकीले सासरी पोरं गाणं म्हनून चिडवते, ते माहेरी येऊन बसली. आता खरं सांगू का पोरी, पाणी त्यानं चोरलं, पण त्या लेकीनं काय चोरलं?

ह्यायनं झडत्या बंद केल्या. अंघोळ करताना बी गुणगुणत नाही. मले भेव वाटते, लय भेव वाटते. पोळ्याच्या गर्दीत काय होईन ते सांगता येत नाही. तुया हातात असन तं ते गाणं काढून टाक माय. अन् मी लिहिलं हे ह्यायले कळू देऊ नको.

तुई मामी,
जनका


पुणे,
१ ऑगस्ट २०२५

ति. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मला सगळं कळलं आहे. कोणी सांगितलं ते विचारू नका, आणि मामीकडे बघूही नका.

सोन्याच्या शेपटीचं वाचून एक गोष्ट कळली. मी स्टेजवर शूर आहे, कारण स्टेजवर माझं कोणी काही करत नाही. शिक्षा तुम्ही भोगताय. कंपनीशी भांडून ‘मोसंबी’ उतरवायचं कबूल करून घेतलं. ते म्हणतात, ज्या गाण्यावर अल्बम उभा आहे तेच काढलं तर खाली काय उरणार. मी म्हटलं, माझा मामा उरेल. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी गाणं सगळीकडून निघेल. अकीलने एका शब्दाने विरोध केला नाही.

पोळ्याला मी येते. भगवानरावांच्या आणि त्यांच्या लेकीच्या पाया पडते. तोपर्यंत कृपा करून घराबाहेर एकटे जाऊ नका.

मायेला पात्र राहिले नाही, तरी मागते आहे.

डिंपल


पांगरी तळे,
७ ऑगस्ट २०२५

चि. डिंपल हिस आशीर्वाद.

पोळ्याला येऊ नकोस. मी पहिल्यांदाच तुला हुकूम करतो आहे. लेकीची माफी मागायची आहे ती माग, पण नंतर, एकटीने, तिच्यापुरती. गर्दीत तुझ्याकडे कोण कसं बघेल ते मला बघवणार नाही.

गाण्याचं तू ठरवलंस ते ठीकच. मामीकडे मी बघितलं नाही, तिनेच मान खाली घातली.

मामा


पांगरी तळे,
२४ ऑगस्ट २०२५

चि. डिंपल हिस अनेक आशीर्वाद.

पोळा झाला. आम्ही दोघं धड आहोत, हे आधी लिहितो. सोन्या-मोत्याही धड आहेत.

यापुढे थट्टा करणार नाही, खरं लिहितो. सोन्याला सजवताना जनकाबाईने त्याच्या तुटक्या शेपटीला लाल गोंडा बांधला. मी म्हटलं, झाकून काय होणार. ती म्हणाली की झाकत नाही, दाखवते. मैदानात आम्ही शेवटी उभे राहिलो. आमच्या शेजारी बैल लावायला कोणी आलं नाही. भगवानरावाची मानाची जोडी तोरणाखाली पहिली होती आणि पारावरची पोरं माझ्या मागे येऊन उभी होती, इतकी जवळ की त्यांच्या तोंडचा तंबाखूचा वास येत होता.

झडत्यांची वेळ आली. कोणी तोंड उघडलं नाही. गाव सगळं माझ्याकडे बघत होतं. मग भगवानराव पाय ओढत माझ्यापर्यंत आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, म्हना उत्तमराव, काऊन चुप झाले, सारा देश तुमचं ऐकून राह्यला.

डिंपल, माझ्याकडे झडती तयार होती. सोन्याच्या शेपटीवरची. मनात चार ओळी नीट बसवल्या होत्या. पण आवाज फुटला नाही. भीती वाटली म्हणून फुटला नाही, दुसरं कारण नाही. मला वाटायचं, मी धीट आहे. मी तोरणाच्या जिवावर धीट होतो.

मग त्याने पोराकडून नारळ घेतला आणि माझ्या हातात दिला. झडती न म्हटल्याचा नारळ. आजवर कोणी कोणाला दिला नसेल असा. मी तो घेतला. दोन्ही हातांनी घेतला. तोरण तुटलं. बैल दरसालसारखे पळाले नाहीत, चालत घरी गेले.

नारळ घरात आहे. जनकाबाई तो फोडतही नाही आणि टाकतही नाही.

काल मी ओट्यावर बसलो होतो. पारावर ती पोरं होतीच. साखरखेर्ड्याच्या रस्त्याने कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला, आपल्या गावचा नसावा. त्यावर तुझं गाणं लागलं होतं. आधी अकीलच्या वडिलांचा ताशा आला, मग मी. तळ्याचं पाणी कुठं गेलं, म्हणून मी विचारत होतो. पारावरच्या पोरांनी माना वर केल्या, पण ट्रॅक्टर थांबवायला कोणी उठलं नाही. वळणापलीकडे जाईपर्यंत मी कान देऊन ऐकलं. गाण्यातला तो माणूस कोणाला भीत नव्हता.

हे पत्र स्पीड पोस्टने टाकतो आहे, म्हणजे तुझ्या त्या सोमवारच्या आत मिळेल. त्या लेकीसाठी भगवानरावाचं नाव काढता आलं तर काढ. बीप टाक, नाहीतर तिथे नुसता ताशा वाजू दे. सगळा गाव ते नाव मनात म्हणेल. पण गाणं उतरवू नकोस, पोरी. माझा आवाज आता तेवढ्याच जागी उरला आहे.

तुझा मामा,
उत्तमराव

ता. क. मी जनका. ह्यायनं हे पत्र मले वाचून दाखवलं, वाचता वाचता हे रडले. गाणं काढून टाक म्हनून मीच लिहिलं व्हतं. भेव अजून बी वाटते, दाराले दोन कड्या लावते. पण राहू दे.