आंब्यापर्यंतची पट्टी

उतुआदो, पोर्तो रिको
९ फेब्रुवारी २००३

ती. एनेइदाताईस,
मिग्दालियाचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेल्या पेरूच्या वड्या पोचल्या. वाटेत वितळून त्यांचा एकच गोळा झाला होता, तरी आम्ही फडशा पाडला. तुझी नात यारित्सा आता माझ्या वर्गातल्या मोठ्या मुलांत मोडते. सहा वर्षांच्या पिल्लांवर असा रुबाब करते की मला तूच आठवतेस.

सध्या तिच्या गटाच्या डोक्यात कालपट्टीचं खूळ शिरलंय. कागदाची लांब गुंडाळी उलगडून इसवी सनाच्या पहिल्या वर्षापासून आजपर्यंतचं सगळं चिठ्ठ्यांवर लिहून तिच्यावर मांडायचं. एक दोरी म्हणजे शंभर वर्षं. पट्टी चटयांवरून निघून व्हरांड्यात पोचली आहे आणि अंगणातल्या आंब्याखाली संपेल म्हणतात. गंमत अशी, की एक दोरी यारित्साने कापली, दुसरी तिच्या दोस्ताने, होसुएने, आणि होसुएची चांगलीच लांब आहे. दोन्ही शेजारी धरून बघायचं कुणाला सुचलेलं नाही. त्यामुळे स्पॅनिश येण्याच्या दोनशे वर्षं आधी आपल्या ताइनो पूर्वजांनी बांधलेलं कागुआनाचं चेंडूचं मैदान पट्टीवर स्पॅनिश जहाजांच्या नंतर आलंय!

नेमके परवा जिल्ह्याचे पर्यवेक्षक बेर्रियोस साहेब आले. मैदानाच्या चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाले, हे आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा. मी म्हटलं, नाही करणार. पट्टी आजच्या दिवसापर्यंत पोचू दे, चूक आपणहून मुलांसमोर उभी राहील. माँटेसरी वर्गात शिक्षिकेने एवढंच करायचं असतं, गप्प बसायचं. साहेब म्हणाले, गप्प बसायचा पगार मिळत नाही. एप्रिलमध्ये पुन्हा येणार आहेत. तेव्हाही असंच दिसलं तर ऑगस्टपासून चटया बाहेर, बाकं आत. बाई फळ्यापाशी बोलणार आणि मुलं उतरवून घेणार.

ताई, घाबरले आहे मी. पण चिठ्ठी हलवणार नाही म्हणजे नाही.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी
मिग्दालिया


पोन्से
२० फेब्रुवारी २००३

चि. मिग्दालियास,
अनेक आशीर्वाद.

अगं शहाणे, एका चिठ्ठीपायी सगळा वर्ग घालवून बसणार आहेस का? मी तीस वर्षं फळ्यापुढे उभी राहिले. चूक दिसली की तिथल्या तिथे खोडली, आणि माझी मुलं काही वाया गेली नाहीत. एक डॉक्टर झालाय. तुझ्या त्या वर्गात मी मागे आले तेव्हा एक कार्टं सकाळभर मण्यांची माळ मोजत होतं, आणि तू खुशाल खिडकीत उभी! मला तर हात शिवशिवत होते.

चिठ्ठी उचल, चार पावलं मागे ठेव, विषय संपला. बेर्रियोस खूश, मुलं वर्गात, तू नोकरीत. यात कुणाचं काय बिघडतं ते मला समजावून सांग.

ते जाऊ दे. एप्रिलमध्ये मी येतेच आहे. कच्ची केळी उकडून खारा मासा कर, माझ्यासाठी कांदा जास्त. तुझी सगळी तत्त्वं मी पोटभर जेवून ऐकेन.

थोरलीचा लोभ आहेच, थोडी अक्कलही घे.
एनेइदा


उतुआदो
२ मे २००३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू गेल्यावर आठवडाभर पत्र लिहवलं नाही, इतकी चिडले होते. अजूनही आहे. मुलं आंब्याखाली डबे खात होती आणि तू वर्गात जाऊन मैदानाची चिठ्ठी हलवलीस! वर माझ्यासमोर काही घडलंच नाही अशी केळी खात बसलीस. आमच्या वर्गात एकच कडक नियम आहे ताई, दुसऱ्याच्या कामाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. सहा वर्षांचं पोरही तो पाळतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले तशी तू बसने निघून गेलीस, म्हणून पुढचं तुला ठाऊक नाही. साहेब पट्टी बघून प्रसन्न झाले. तेवढ्यात यारित्सा आली. खाली बघितलं आणि लालबुंद झाली. आमचं काम कोणी हलवलं, म्हणून सगळ्यांना विचारून आली. मग तिने साहेबांच्या डोळ्यांदेखत चिठ्ठी उचलली आणि होती तिथे, चुकीच्या जागी, परत ठेवली. साहेब म्हणाले, बाळ, हे चूक आहे. ती म्हणाली, असेल, पण आमचं आहे.

मला हसावं की रडावं कळेना. मुलं मात्र लगेच कामाला लागली. दोऱ्या टाकत, गुडघ्यांवर रांगत अंगणात गेली. होसुए आणि यारित्सा एकाच वर्षी जन्मलेले. तिची जन्माची चिठ्ठी पडली पायरीपाशी, त्याची पार आंब्याच्या बुंध्यात. असली भांडली दोघं! मग तिनेच त्याच्या हातातली दोरी ओढली, आपली शेजारी धरली आणि अशी किंचाळली की स्वयंपाकघरातल्या बायका पळत आल्या. जन्मात विसरायची नाहीत ती हे. तू सांगून कधी झालं असतं?

साहेबांनी शेरा लिहिला, मिनिटभरात सांगता येण्याजोग्या गोष्टीसाठी अख्खी सकाळ घालवली. बाकं येणार आहेत. येऊ देत. मुलांना बाकांवर बसवून मी फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावणार नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

जिव्हाळा ठेव. राग मी माझ्यापुरता ठेवते.
तुझी
मिग्दालिया


उतुआदो
११ ऑगस्ट २००३

ती. आजीस,
यारित्साचा शि. सा. न.

तू आमची चिठ्ठी हलवलीस हे मला मावशीआजीने सांगितलं नाही, मीच ओळखलं. तू कुठलीही वस्तू ठेवलीस की हाताने तीनदा थापटतेस. कागदाला सुरकुत्या पडल्या होत्या. मला खूप राग आला होता. आमची चूक आम्हाला सापडणार होती आणि तू ती घेऊन चालली होतीस.

बाकं आली. सोबत कागद आला, की बाकं रांगेत लावावीत. आम्ही लावली. एकाला एक चिकटवून एकच रांग, वर्गातून व्हरांड्यात आणि तिथून आंब्यापर्यंत. पट्टी नव्याने केली, सगळ्यांना एकच दोरी, आणि ती बाकांवर पसरली. आता गुडघे दुखत नाहीत. बसायला चटया आहेतच. मुख्याध्यापिका डोक्याला हात लावून गेल्या, पण हलवा म्हणाल्या नाहीत.

गुरुवारी, २१ तारखेला, बेर्रियोस साहेब माणसं घेऊन येणार आहेत, बाकं फळ्याकडे वळवायला. मावशीआजी म्हणते, ती दारात उभी राहणार. ती रात्री जेवत नाही हल्ली. तू मोठ्या शाळेत बाई होतीस, तुझं ते ऐकतील. येतेस का?

माझ्यावर प्रेम कर, पण विचारून हात लाव.
यारित्सा


पोन्से
१६ ऑगस्ट २००३

चि. यारित्सास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी माझं डोकंच फिरलं. तीस वर्षांत कुठल्या मुलीची मला असं लिहायची छाती झाली नव्हती. मग दुसऱ्यांदा वाचलं. मग शेजारणीला वाचून दाखवलं, आणि वाचताना माझाच आवाज चढला, तोही तुमच्या बाजूने.

बुधवारच्या बसने येते. मिग्दालियाला म्हणावं, आधी जेवून घे, दारात उभं राहायला अंगात जोर लागतो. आंब्याखालचं शेवटचं बाक मी धरीन. बेर्रियोसच्या माणसांना ते वळवायचं असेल तर माझ्यासकट उचलावं लागेल, आणि मी काही हलकी नाही.

मात्र काम तुमचं आहे, म्हणून आधी विचारते. मी तिथे बसू का?

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
आजी