उजवं मनगट

अल मुंतझा, दोहा
१० जानेवारी २०२५

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि आई मधे बसून निरोप सांगते त्यात निम्मं तिचंच असतं. म्हणून हे पत्र. फोटो काढून झेरॉक्सवाल्याच्या फोनवर टाकतो, तो छापून तुमच्या हातात देईल.

बातमी अशी, की तुमची नात ३१ तारखेला क्लबच्या स्पर्धेत उतरणार. तेजू आता बारा वर्षांची, एकोणचाळीस किलोची झाली. गादीवरची कुस्ती आहे, माती इथं कुठली! पण एकेरी पट असा काढते की तुम्ही बघत राहाल. तिच्याच वजनात हिबा नावाची तिची मैत्रीण आहे. हिबाचे वडील आफताबभाई मूळचे रत्नागिरीचे, एका ट्रेडिंग कंपनीत क्लार्क आहेत, अल मन्सूराला राहतात. दोघी एकाच गाडीतून क्लबला जातात, एक दिवस माझ्या, एक दिवस त्यांच्या. आमच्या तेजूला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. हिबा मात्र मला काका म्हणते आणि कोकणी हेल काढून छान मराठी बोलते. फायनलला या दोघीच येणार असा माझा अंदाज आहे.

कोच इब्राहीम इजिप्तचे, फार शिस्तीचे. त्यांनी पालकांकडून कागदावर सह्या घेतल्या. गॅलरीत बसायचं, पोरांना ओरडून डाव सांगायचे नाहीत, पंचांशी हुज्जत नाही. जिंकलेल्यानं आणि हरलेल्यानं आधी एकमेकांचा हात हातात घ्यायचा, मग समोरच्याच्या कोचचा. मी सही केली आणि अंबिकेला म्हटलं, ही कुस्ती आहे की सोयरिकीची बैठक?

आईला नमस्कार. तुमचा लोभ आहेच, यंदा त्यातला मोठा वाटा नातीला द्या.

तुमचा,
श्रेयस

बोरगाव
१८ जानेवारी

चि. श्रेयस यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तालमीतल्या पोरांना सांगितलं, माझी नात परदेशात लढते. तुझी आई डिंकाचे लाडू करायला बसली आहे. कोणाबरोबर पाठवायचे ते अजून ठरलेलं नाही, पण लाडू ठरलेत.

त्या कागदाचं मला नवल वाटलं. पन्नास वर्षं मी पोरं घडवली, सह्या करून कुस्ती जिंकलेला एकही पैलवान पाहिला नाही. मैत्रीण मैदानाबाहेर. पोरीला सांग, दुसरा नंबर म्हणजे हरलेल्यांतला पहिला. तू मधेच लंगोट ठेवलास, त्याचं मला अजून वाईट वाटतं. आपल्या घरातला गुलाल तिच्या कपाळी लागू दे. निकाल त्याच दिवशी कळव.

सूनबाईस आशीर्वाद. तब्येतीस जपून असा.

श्यामराव

दोहा
१ फेब्रुवारी

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

तेजू जिंकली. सुवर्णपदक. फायनल हिबाशीच झाली, शेवटच्या वीस सेकंदांत तेजूनं तिची पाठ टेकवली. फोटो सोबत पाठवतो. त्यात तेजू हसत नाही, थकली होती. हिबाच्या मनगटाला जरा लागलं. खेळात व्हायचंच.

ऑफिसात ऑडिट चालू आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. तुमच्या मनासारखं झालं, आता समाधान माना.

श्रेयस

दोहा
६ फेब्रुवारी

ती. आबा आणि ती. आईंस,
अंबिकेचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही तालमीत पेढे वाटल्याचं कळलं. हे पत्र लिहू की नको, यात तीन दिवस गेले. नवऱ्याची कागाळी सासऱ्यांकडे करावी असं मला कधी वाटलं नाही, आजही ही कागाळी नाही. मी लिहिणार आहे हे त्यांना सांगितलं आहे. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी गाडीत हिबानं तेजूला सांगितलं, की सरावात तिचं उजवं मनगट दुखावलंय, पण कोचना कळलं तर खेळू देणार नाहीत, म्हणून तिनं घरीसुद्धा लपवलंय. गाडी हे चालवत होते. त्यांनीही ऐकलं.

फायनलला हिबा एका गुणानं पुढे होती. वीसेक सेकंद उरली असतील. हे माझ्या शेजारून उठले आणि मराठीत ओरडले, की तेजू, उजवं मनगट धर, पीळ! कोच इजिप्तचे, पंच कुठल्या तिसऱ्याच देशाचे, आणि हिबाचे आईवडील त्या दिवशी येऊ शकले नव्हते. कुणाला काही कळलं नाही. कळलं ते दोघींनाच. हिबानं मान वर करून एकदा यांच्याकडे पाहिलं. ते पाहण्यातच ती चुकली, आणि आमच्या पोरीनं बापाचं ऐकलं.

मनगट धरणं नियमात बसतं, आबा. कुणी काही म्हणू शकत नाही. पण हाड चिरलं आहे, सहा आठवडे प्लास्टर. तरीसुद्धा ती पोर उठली आणि हात मिळवायला डावा हात पुढे केला. तेजूला तो धरता आला नाही. खाली बघून ती गादीवरून निघून गेली. हे तेव्हा फोटो काढत होते.

सहा दिवस झाले, तेजू क्लबला जात नाही. बापाशी बोलत नाही. विचारलं तर एवढंच म्हणते, की हिबानं मला विश्वासानं सांगितलं होतं. तुमचा शब्द यांच्यासाठी मोठा आहे, म्हणून लिहिलं. काही उणंअधिक लिहिलं असेल तर लेक समजून पोटात घाला.

अंबिका

बोरगाव
१२ फेब्रुवारी

चि. श्रेयस यास,
आशीर्वाद.

सूनबाईंचं पत्र मिळालं. तुझ्या आईनं ते वाचून चष्मा काढून ठेवला आणि मला म्हणाली, की हे तुमचंच पीक आहे. खरं होतं.

तुला सत्त्याण्णव सालची आपल्या जत्रेतली कुस्ती आठवत असेल. तू तेरा वर्षांचा होतास. समोरच्या पोराचा पाय मुरगळला, तो गुडघ्यावर आला. तुला त्याला तिथंच दाबता आलं असतं. तू मागं सरलास, त्याला उठू दिलंस, आणि मग त्यानंच तुला चितपट केलं. उठून तू त्याचा हात वर केलास. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला टोचल्या. वस्तादाचा पोरगा हरून हसतो म्हणून मी हजार माणसांत तुझ्या कानफटात मारली. त्यानंतर तू तालमीत पाऊल टाकलं नाहीस. मी गावभर सांगत राहिलो, पोराला अभ्यासाची ओढ लागली म्हणून.

तू त्या दिवशी बरोबर होतास. मी चुकलो. एवढी दोन वाक्यं लिहायला मला अठ्ठावीस वर्षं लागली, आणि तेवढ्यात तू माझ्यासारखा झालास. याचं मला फार दुःख होतं.

आता एक कर. त्या मुलीच्या घरी जा. फोन करू नकोस, जा. पोरीला पुढे करू नकोस, ओरडला होतास तू. कोचलाही सांग. खेळात व्हायचंच, हे वाक्य तिथं तोंडातून काढू नकोस.

तुझ्यावर माया आहे. ती कधी दाखवली नाही, हा दोष माझा.

आबा

दोहा
२२ फेब्रुवारी

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं. ती कानफटात मी विसरलो नव्हतो. पण त्याआधी मी मागं सरलो होतो, हे मात्र पार विसरलो होतो.

आधी कोच इब्राहीमना भेटलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मी सही केलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. निकाल बदलता येणार नाही म्हणाले. हंगाम संपेपर्यंत मी हॉलमध्ये यायचं नाही. खलास, एवढंच. मी शुक्रन, म्हणजे धन्यवाद, म्हणून बाहेर पडलो.

काल जुम्म्यानंतर अल मन्सूराला गेलो, एकटाच. हिबाच्या आई रिफतभाभींनी चहा आणि नानकटाई समोर ठेवली. आफताबभाईंनी तेजूचं अभिनंदन केलं, ती हिबाला भेटायला का आली नाही म्हणून विचारलं. तेव्हा कळलं, की हिबानं घरी काहीच सांगितलेलं नाही. पडताना हात अंगाखाली आला, एवढंच सांगितलं होतं. आबा, मी न बोलता चहा पिऊन उठू शकलो असतो. एक क्षण तसं मनात आलंही, तुमच्यापासून काय लपवायचं.

मग सांगितलं. गाडीत काय ऐकलं, काय ओरडलो, सगळं. रिफतभाभी उठून आत गेल्या. आफताबभाईंनी हातातला कप खाली ठेवला. मग त्यांनी हळूच विचारलं, की मराठीत ओरडलात? मी हो म्हटलं. ते म्हणाले, श्रेयसभाऊ, या मुलखात कुणी मराठी बोललं की मला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं, पोरीलाही मी हेच शिकवत आलो. मनगट बरं होईल इन्शाल्ला, पण हे तिला आता कसं समजावू ते तुम्हीच सांगा.

हिबा दारात येऊन उभी होती. तिची माफी मागितली. तिनं मान हलवली आणि इट्स ओके अंकल म्हणाली. आबा, ती माझ्याशी इंग्रजीत बोलली.

आपला आशीर्वाद असू द्या. आत्ता त्याची गरज आहे.

श्रेयस

दोहा
१० मे

प्रिय आजोबा,
सा. न.

हे माझं पहिलं मराठी पत्र आहे. आईनं चुका सुधारल्या. वाक्यं माझी आहेत.

ईदनंतर मी परत क्लबला जाते. हिबाचं प्लास्टर निघालं. मी तिला सॉरी म्हटलं, दोन वेळा. ती म्हणाली, ठीक आहे, तू बाबांचं ऐकलंस. पण मी बाबांमुळे नाही केलं. मला जिंकायचं होतं, म्हणून केलं. हे मी तिला सांगितलं. हे ऐकून ती रडली आणि मी पण.

मागच्या आठवड्यात कोचनी आमची जोडी लावली. मला तिचा उजवा हात धरता येत नाही. तो जवळ आला की माझा हात आपोआप सुटतो. तिनं दोनदा मला पाडलं. मग ती थांबली आणि कोचना म्हणाली, की मला दुसरी पार्टनर द्या, ही माझ्याशी खरं लढत नाही. कोचनी दुसरी मुलगी दिली.

आता आम्ही वेगळ्या गाड्यांतून जातो. भेटल्यावर हाय म्हणतो, हसतो पण. जूनमध्ये ती आईबरोबर रत्नागिरीला जाणार आहे, तिथल्याच शाळेत शिकायला.

मी काल बाबांना विचारलं, की सॉरी म्हटल्यावर किती दिवसांनी सगळं पहिल्यासारखं होतं? ते म्हणाले, हे मला माहीत नाही, आजोबांना विचार.

म्हणून विचारते. उत्तर ती जायच्या आधी पाठवा.

तुमची,
तेजू