तुमच्या हॉलमधली काळी भिंत

सर, तुमच्या मुलानं जळोचीत बांधलेल्या बंगल्यात तुमचा फोटो चपलांच्या कपाटावर लागलाय, आणि तो तिथं जावा अशी तजवीज मी केली. हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावं, असं वाटलं.

तुम्हाला मी आठवणार नाही. इंदापूरच्या शाळेत तुम्ही आम्हाला चित्रकला शिकवायचात. आमच्या घरी तेव्हा थोडीच मेंढरं उरली होती. सातवीत तुम्ही गावाचं चित्र काढायला सांगितलंत. मी मेंढी काढली आणि तिच्या अंगावर खरी लोकर चिकटवली, डाळिंबाच्या सालींच्या पाण्यात पिवळी केलेली. तुम्ही कागद वर्गासमोर उंच धरलात. "पिवळी मेंढी कुठं बघितलीस गं? ही चित्रकला न्हाय, उकिरडा हाय." मग चिमटीनं एकेक पुंजका उपटलात. पोरं हसत होती आणि तुम्ही त्यांना हसू देत होता. फाटका कागद धरून मी व्हरांड्यात उभी आहे आणि आत तुम्ही बाकीच्यांना फुलदाणी काढायला शिकवताय.

मी लोकर सोडली नाही. पुण्यात डिझाइन शिकले, भिगवणला शेड घेतली. आपल्याकडची जाडीभरडी लोकर आता कुणी फुकटही नेत नाही. ती साबणाच्या पाण्यात मळून मी तिचे जाड थर करते, त्यांची स्टुलं, दिवे, भिंती घडवते. डाळिंबाच्या सालींत गंजकं लोखंड उकळलं की ओल्या शेतासारखा काळा रंग उतरतो. पुण्याच्या एका हॉटेलात तुमच्या मुलानं माझं काम पाहिलं आणि शोधत आला. "म्याडम, हॉलमधी कायतरी येगळं पायजे. सगळ्यांनी बघत राह्यलं पायजे." जागा बघायला गेले तर समोरच्या भिंतीवर हार घातलेले तुम्ही.

तीच भिंत मी मागितली. छतापासून खालपर्यंत काळी लोकर, मधेमधे कळपाच्या पाठींसारखे उंचवटे. काम संपल्यावर तुमचा मुलगा फोटो आणि हातोडी घेऊन आला. मी म्हटलं, "हिच्यावर खिळा चालत नाही. फाटत जाईल." त्यानं लगेच ऐकलं. खिळा चालला असता, सर. जिन्याखालची, चपलांच्या कपाटावरची जागाही मीच दाखवली. फोटो टांगताना तो म्हणाला, "हितं बी चांगलं दिसतंय." मी मान डोलावली, आणि इतकं गोड मला कधी वाटलं नव्हतं.

मग तुमच्या पत्नी बाहेर आल्या. खुर्ची ओढून त्या भिंतीला पाठ टेकून बसल्या. "ऊब लागती गं. हे आसते तर पैलं नाक मुरडलं आसतं. मग कुणी न्हाय बघून हळूच हात फिरवला आसता. बोलायचे न्हाईत, पण चांगलं काय ते कळायचं त्यांना."

चांगलं कळायचं. म्हणजे त्या दिवशीही कळलं होतं?

फोटो कुठंही टांगता येतो, पण उत्तर द्यायला तुम्ही नाही आहात, आणि याचा राग मला त्या फाटक्या कागदापेक्षा जास्त आहे. हे लिहून मी फाडणार आहे. एवढंच सांगते, की भिंत पुरी झाल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते हे, की सरांना दाखवावी.